मल्लूच्या डब्याची खंडेनवमी

हुपरीला लोक पैंजण घ्यायला जातात. मी भांडायला गेले होते. तेही ऐन दसऱ्याच्या सुट्टीत, घरच्यांचे टोमणे खाऊन.

भांडण होतं मल्लूशी. मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, सांगलीला इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता. पुढं मी पुण्यात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवायला लागले आणि तो आपल्या गावी केबल टीव्हीच्या वायरी ओढायला लागला. इंटरनेट आलं तसं त्यानं त्याच खांबांवरून इंटरनेटही ओढलं. साधारण त्याच सुमाराला मी ईमेलवरून चालणाऱ्या एका मंडळीत सामील झाले. देशोदेशीची ही माणसं, यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम लिहिण्यात सुख मानणारी. मीही एक मसुदा लिहिला होता. त्याचं सार एवढंच, की प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता असावा, एकानं पाठवलेलं पाकीट ज्याचं त्यानंच उघडावं, आणि मधल्या कुणी ते फोडू नये, बदलू नये, नुसतं पुढं द्यावं.

मसुदा मी कौतुकानं मल्लूला पाठवला. त्याचं उत्तर आलं : "हे कुणी लिवलंय? त्याला एक दिस हुपरीत आणून माझ्या खुर्चीत बसव." कुणी लिहिलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यात अक्काचा फोन आला. अक्का ही मल्लूची थोरली बहीण. कॉलेजात असताना तिच्या हातची भाकरी मी इतकी खाल्ली आहे की तिच्यापुढं माझं काही चालत नाही. तिची मुलगी शोभा जर्मनीत. तिला मुलगी झाली होती, अक्काचा व्हिसा वेळेत आला नव्हता, आणि बारसं दसऱ्याच्या दिवशी धरलं होतं. पाळणा आजीनं म्हणायचा, कॉम्प्युटरच्या पडद्यावरून, असा शोभाचा हट्ट. पण पडदा काही जुळत नव्हता. "तू म्हणं लिवतीस, सगळ्यास्नी पत्ता पायजे म्हणून," अक्का म्हणाली. "मग माझ्या घराला दे की एक! नात बगायचीय मला."

देते, म्हटलं. आणि बॅग भरली.

कोल्हापूर स्टँडपासून पुढं

स्टँडसमोर मिसळ खाल्ली. पुण्यात मिसळ तिखट आहे का असं आधी विचारायची सोय असते. इथं तसं विचारलं तर वाढणाऱ्याला दुःख होतं. डोळे पुसत हुपरीच्या एसटीत चढले. आमच्याकडे शेजारच्या सीटवरच्या माणसाचं नाव मुंबईपर्यंत कळत नाही. इथं शहर मागं पडायच्या आत शेजारच्या बाईंनी माझं माहेर, सासर, सगळं काढून घेतलं, पगार तेवढा सोडला.

"हुपरीला कुणाकडं म्हणायचं पावणं?"

"मल्लूकडे. केबलवाला."

"आत्ता! मग आमचं इंटरनेट बंद पडतंय ते सांगा की त्याला," बाई म्हणाल्या, आणि उसाच्या फडांतून बस धावत असताना मी मल्लूची कैफियत ऐकत राहिले. मनातून बरं वाटत होतं.

मल्लू स्टँडवर आला होता. पोट सुटलं होतं, आवाज तोच होता. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा "आली बगा नियमवाली!" म्हणून ओरडला.

हुपरीत चांदी एका घरात घडत नाही. एका घरात वितळवतात, दुसऱ्यात तार ओढतात, तिसऱ्यात कड्या वळतात, कुणी सांधतं, कुणी घुंगरू लावतं. पैंजण असं बोळाबोळानं दारोदार फिरत मोठं होतं आणि शेवटी अक्काच्या घरी येतं. तिथं रिठ्याच्या पाण्यात घासून त्याला उजळपणा देतात. दूरदूरचे व्यापारी आता नव्या नमुन्यांची चित्रं ईमेलनं पाठवायचे, म्हणून या सगळ्या घरांत कॉम्प्युटर आले होते. मल्लूची वायरही माल जातो त्याच वाटेनं गेलेली. त्याच्या गच्चीवरच्या अँटेनातून निघून तारेच्या घरात, तिथून कड्यांच्या घरात, तशी करत अक्काच्या घरात संपायची. प्रत्येक घरी भिंतीवर एक छोटी डबी. तिच्यात वायर येते, त्या घराला देते आणि पुढं जाते. वीज ज्याच्या त्याच्या घरची.

"असं एकामागं एक जोडतात का?" मी विचारलं. "मधलं एक घर बंद पडलं की पुढची सगळी बंद!"

"माल पण तसाच थांबतो की," मल्लू म्हणाला. "इथं सगळ्यास्नी सवय हाय."

आणि या सगळ्याच्या तोंडाशी, मल्लूच्या ऑफिसात, एक डबा. सगळ्या घरांचे पत्ते पुसून बाहेरच्या जगाला तो एकच पत्ता दाखवायचा. लोक वारंवार बघतात ती पानं जवळ साठवून ठेवायचा. काही दारं कायमची बंद करायचा. माझ्या मसुद्यात जे जे करू नये म्हणून लिहिलं होतं ते ते सगळं हा डबा इमानेइतबारे करत होता. अक्काचा पडदा का जुळत नाही तेही तिथंच कळलं. शोभाच्या जर्मनीतल्या इमारतीतही असाच एक डबा होता. दोन्ही दारांवर दोन राखणदार, आणि दोघंही म्हणणार, पलीकडच्यानं आधी ओळख द्यावी.

"अक्काच्या घराला खरा पत्ता दे. डब्याला बगल देऊन," मी म्हटलं.

"देतो. पण मग रडायचं न्हाय."

दिला. संध्याकाळी अक्कानं पानात खपली गव्हाची खीर, भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी वाढली. "ऊटा कर आधी, मग बग तुझं काय असंल ते," असं तिचं मराठीत मिसळलेलं कानडी. त्या भागातल्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात. पहिल्या वर्षी मी हसले होते. आता तिचं "मी वाढतो की, तू बस" ऐकलं आणि घरी आल्यासारखं वाटलं.

खीर संपायच्या आत कॉम्प्युटर आपोआप बंद झाला. परत लागला. परत बंद झाला. त्या वर्षांत उघड्या पत्त्यावरचं यंत्र हेरून त्यात घुसणारा एक किडा जगभर मोकाट फिरत होता, आणि आम्ही दार उघडल्या उघडल्या तो अक्काच्या माजघरात शिरला होता. तिथून तो बाकीच्या घरांची दारं ठोठावायला लागला आणि सगळ्या बोळाचं इंटरनेट बसलं. मल्लूनं वायर उपटली. आणि टोमणा मारायचा सोडून त्यानं माझ्या वाटीत आणखी खीर वाढली. हे जास्त लागलं.

खंडेनवमी

सकाळी मल्लूनं अक्काचा कॉम्प्युटर साफ केला. मी त्याच्याशेजारी बसून त्या यंत्राची स्वतःची दारं एकेक करून लावली. शोभाशी बोलण्यासाठी लागतं तेवढंच एक उघडं ठेवलं. ज्याचं दार त्यानं सांभाळावं, हे माझं म्हणणं. आणि गावातल्या प्रत्येक माणसाला ते जमत नाही म्हणून वेशीवर कुणीतरी हवा, हे त्याचं. भांडता भांडता मध्ये दोनदा चहा झाला. शेवटी ठरलं की दसऱ्याच्या दुपारी, बारशापुरता, मल्लू अक्काला खरा पत्ता देणार, बाकी घरं डब्याच्या आडच राहणार. दोघंही थोडे थोडे नाराज होतो, म्हणजे तोडगा बरा होता.

दुपारी मी हत्यारांची पूजा बघायला बोळातून हिंडले. आमच्याकडे खंडेनवमीला स्कूटरला हार घातला की झालं. इथं तार ओढायच्या पट्ट्या, हातोड्या, चिमटे, कात्र्या, सगळं पुसून पाटावर मांडलेलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, ऊस. भट्ट्या थंड. एरवी टकटक करणाऱ्या बोळात इतकी शांतता होती की लोक हळू बोलायला लागले होते, आणि कोल्हापूरकडच्या माणसानं हळू बोलणं ही नवलाची गोष्ट आहे.

तारेच्या घरी रामूतात्या होते. बोळातले सगळ्यात वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या पाटावर मला ती डबी दिसली. भिंतीवरून काढून, ओल्या फडक्यानं पुसून, कुंकू लावून ठेवलेली. वायरी व्यवस्थित गुंडाळलेल्या. मी पुढच्या घरी गेले. तिथंही डबी पाटावर. त्याच्या पुढंही. धावत अक्काकडे आले, तर अक्का डबीला झेंडू वाहत होती.

"अक्का, ही का काढलीस?"

"हत्यार न्हवं व्हय ते घरचं? आज राबवायचं न्हाय. उद्या सोनं वाटून झालं की उत्तरपूजा, मग लावायचं."

मल्लूच्या ऑफिसात गेले. डबा बंद. त्याच्यावर हार. त्याच्या बायकोनं सकाळी आम्ही अक्काकडे असताना त्याची साग्रसंगीत पूजा केली होती. मल्लू डोक्याला हात लावून बसला होता. बोळात इंटरनेटची वायर ओढल्यापासूनचा हा पहिलाच दसरा. आणि डब्या बसवताना घरोघरी यानंच सांगितलं होतं, ही डबी घरच्या हत्याराइतकी जपा. लोकांनी शब्दन् शब्द पाळला होता.

"सोनं वाटणार दिवस मावळताना," मी म्हटलं. "बारसं त्याच्या आधी आहे."

"व्हय."

"एका दिवसापुरती सांग ना त्यांना लावायला."

"मी? खंडेनवमी मोडा म्हणून? आणि मोडली तर अक्का मला घरात घील काय?"

अक्काला विचारलं. तिनं झेंडूचं ताट खाली ठेवलं आणि नीट बसून सांगितलं, "हे बग, नवरा गेल्यावर ह्याच हत्यारांनी मला आणि शोभाला जगवलं. एक दिस त्यास्नी इसावा द्यायचा. मी न्हाय मोडणार. फोटो धाडंल की शोभा. फोटो बगतो मी." मग पदरानं उगाचच पाट पुसायला लागली. मला त्या क्षणी माझा मसुदा, मल्लूचा डबा आणि जर्मनी, तिन्हींचा राग आला.

दसरा

सकाळी मी रामूतात्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मल्लूही आला. आसपासच्या घरची माणसं आज रिकामीच, तीही जमली. अक्काचं काय अडलंय ते बोळाला आधीच कळलं होतं. तात्यांनी पाटावरच्या डबीकडे बोट केलं.

"बाई, तुम्ही शिकवता म्हणं ह्यातलं. ही काय काम करती?"

गेली कित्येक वर्षं मी हे शिकवत होते. कुणी इतक्या उत्सुकतेनं विचारलं नव्हतं. "काहीच करत नाही," मी म्हटलं. "इकडून आलेलं तिकडं देते. आत काय आहे ते उघडत नाही, बदलत नाही, ठेवून घेत नाही. तिनं तसंच राहावं म्हणून तर मी भांडते."

तात्यांनी आपली तार ओढायची पट्टी उचलून दाखवली. "ही हत्यार. ह्यातनं चांदी गेली की बारीक हुन भाईर पडती. माल बदलतो. तुमची डबी माल बदलत न्हाय म्हणता?"

"नाही."

"मग ती हत्यार कशी? तो तर बोळ झाला. दसऱ्याला बोळ बंद ठिवतो काय आपुन? माणसं सोनं द्यायला येणार कशी?"

कट्ट्यावर माना हलल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर तात्या मल्लूकडे वळले. "आणि तुझा डबा रं?"

मल्लूला गप्प बसता आलं असतं. पण पाहुण्यांसमोर आपल्या डब्याला कुणी नुसता बोळ म्हणेल हे त्याला सहन होईना. "डबा लई कामाचा, तात्या!" तो छाती काढून म्हणाला. "सगळ्यांचं पत्ते बदलतो. किडं अडवतो. पानं साठवून ठिवतो. चोवीस तास राबतो त्यो!"

"मग त्यो हत्यार," तात्या म्हणाले. "त्यो झोपूंद्या. डब्या लावा."

मल्लूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी हसणार होते, पण तेवढ्यात मला कळलं की आता काय होणार. डबा झोपलेला. बाकीच्या घरांतले कॉम्प्युटर सुट्टीमुळं बंद. गच्चीवरच्या अँटेनापासून अक्काच्या माजघरापर्यंत मध्ये कुणी काही करणारं नाही. जसं मी कागदावर लिहिलं होतं, अगदी तसं. ज्याची एवढी वकिली केली ते समोर आलं आणि मी घाईनं मल्लूकडे वळले.

"मल्लू, किडा आला तर?"

"आता आटवला व्हय किडा?" तो म्हणाला. पण लगेच माझ्याबरोबर अक्काकडे आला आणि आम्ही आदल्या दिवशी लावलेली सगळी दारं पुन्हा एकदा तपासली. यावेळी तो माझ्यापेक्षा कडक होता आणि मी त्याच्यापेक्षा. मग त्यानं ऑफिसात जाऊन डब्यावरचा हार न हलवता त्याच्या बाजूनं वायर काढली आणि अँटेना थेट पहिल्या डबीला जोडली. घराघरांतून डब्यांचे हिरवे दिवे लागत गेले. कुणीही त्यांचं कुंकू पुसलं नव्हतं.

अक्का ठेवणीतलं इरकल नेसून पडद्यासमोर बसली होती. "लागंना तर लागंना," असं दर थोड्या वेळानं म्हणत होती. बोळातल्या बायका दारात जमल्या. ज्यांच्या घरांतून वायर गेली होती त्या सगळ्या. आपल्या घरातून काय जातंय ते बघायला आल्या होत्या.

ठरल्या वेळी घंटी वाजली. बाहेरून आत, थेट अक्काच्या नावानं. असा कॉल त्या बोळात पूर्वी कधी आला नव्हता. मी बटण दाबलं. पडदा आधी काळा, मग चौकड्या चौकड्या, मग शोभा दिसली, आणि तिच्यामागं फुलांनी सजवलेला पाळणा. जावयानं कॅमेरा पाळण्यावर नेला. मुठी आवळून झोपलेलं बाळ.

"अव्वा, दिसतंय काय?" शोभा म्हणाली. "म्हण की आता."

अक्कानं तोंड उघडलं. जिच्या हाकेनं बोळाच्या त्या टोकाची पोरं घरी पळतात त्या बाईच्या गळ्यातून आवाज फुटेना. ती नुसती पडद्याला हात लावून बसली. बाळाच्या गालाच्या जागी तिचं बोट होतं. "अव्वा? आवाज येईना," शोभा तिकडून म्हणत होती, आणि मल्लू घाईघाईनं वायरी हलवायला लागला. वायरीत काही बिघाड नव्हता. मी त्याचा हात धरला.

दारातून कुणीतरी पाळणा सुरू केला. कड्यांच्या घरची सून असावी. मग घुंगरांच्या घरची, मग तारेच्या घरच्या आजी, एकेक करत सगळ्यांनीच उचलला. बायका आत सरकल्या आणि अक्काच्या मागं उभ्या राहिल्या. दुसऱ्या कडव्याला अक्काचा आवाजही त्यात आला, आधी फाटका, मग तिचा नेहमीचा, भिंतीपलीकडे जाणारा. तिकडं शोभा पाळण्याची दोरी ओढत होती आणि रडत होती. चित्र मध्ये मध्ये अडकायचं, सूर मात्र पोचत होता. नियम लिहिताना असं काही मनात आलं नव्हतं. मीही रडले, उघड उघड.

दिवस मावळताना आपट्याची पानं वाटली. सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं, उत्तरपूजा झाली, बोळ पुन्हा मोठ्यानं बोलायला लागला. मल्लू पान घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"डबा लावणार हाय मी आता," तो म्हणाला. भांडायच्या तयारीनंच.

"लाव," मी म्हटलं. "पण अक्काची वाट सोडून."

"ती सोडली कवाच."

परतताना

दुसऱ्या दिवशी अक्का स्टँडवर सोडायला आली. भाकऱ्या, चटणी आणि एक पैंजणाचा जोड तिनं पिशवीत कोंबला होता. जोड शोभाच्या मुलीसाठी, पुण्याहून कुणी जर्मनीला जाईल त्याच्याबरोबर धाडायला. मल्लूनं वाटेत मला चार नवे नियम सुचवले होते. त्यातले तीन माझ्या मंडळींनी ऐकले असते तर त्यांनी मला काढून टाकलं असतं.

मसुद्याला मी पुण्यात आल्यावर हात घातला. मधल्यानं काही करू नये, हे वाक्य तसंच ठेवलं. त्याच्याखाली एक परिच्छेद नवा लिहिला. ज्याला मध्ये काही करावंच लागतं त्यानं एक वाट मोकळी ठेवावी, आणि आपण मध्ये काय करतो ते लपवू नये. मंडळींनी विचारलं, हे कुठून आलं? एका कट्ट्यावरून, असं मी कळवलं.

पण बस सुटतानाचं सांगायचं राहिलं. खिडकीशी येऊन अक्कानं विचारलं, "पुढच्या दसऱ्याला येतीस न्हवं?"

"येते की. पण मल्लू डबा बंद ठेवील का?"

"त्यो कोण ठिवणारा?" अक्का म्हणाली. "तात्यांनी सांगितलंय. आता दर खंडेनवमीला डबा झोपणार, आणि बोळ जागा ऱ्हाणार."